सेराडुरा पाणी सोडतं तेव्हा बिस्किटाला दोष देऊ नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गोव्यात सेराडुरा, म्हणजे फेटलेलं क्रीम आणि बिस्किटाचा भुगा यांचे थर लावून थंड केलेलं गोड, खाल्लं, आवडलं, आणि आता मे महिन्यात सासूबाईंच्या एकसष्टीला हॉलवर २५ जणांसाठी तेच करायचं मनात आहे. रंगीत तालीम म्हणून फ्रेश क्रीमची पाव-पाव लिटरची दोन खोकी, कंडेन्स्ड मिल्कचा अख्खा डबा आणि मारी बिस्किटं घेऊन करून पाहिलं. वीस मिनिटं फेटूनही क्रीम उभं राहिना, म्हणून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं. सकाळी छान घट्ट दिसत होतं, ते खाली फ्रीजमध्ये उतरवलं आणि दुपारी बघता तर तळाला पाणी, मध्ये बिस्किटाचा लगदा. घरात जिलेटिन चालत नाही. तुम्ही विचारलंय की मऊ न पडणारं बिस्किट कोणतं वापरू, आंब्याचा थर घालता येईल का, आणि दोन दिवस आधी करून ठेवलं तर चालेल का.

मी मडगावला घरून ऑर्डरी घेते. साखरपुडे, बारशी, कम्युनिअनच्या पार्ट्या असं सगळं असतं, आणि गोडात सेराडुरा हमखास मागितलं जातं. त्यामुळे ही तक्रार माझ्या ओळखीची आहे. सुरुवातीलाच सांगते, बिस्किट बदलून काहीही होणार नाही. सेराडुरातलं बिस्किट मऊ पडायलाच हवं. कुरकुरीत राहिलं तर चमच्याला वाळू लागल्यासारखी लागते आणि क्रीम वेगळं, भुगा वेगळा असं तोंडात फिरत राहतं. चांगल्या सेराडुरात भुग्याचा थर क्रीममधली ओल हळूहळू पितो आणि ओलसर केकसारखा होतो. तो पिऊ शकेल इतकीच ओल त्याला मिळाली पाहिजे, एवढंच आपल्या हातात असतं. तुमच्या वाटीत क्रीमने धरून ठेवायचं पाणी मोकळं सुटलं आणि सगळं बिस्किटावर आलं. बिचारं बिस्किट त्याचा लगदा होण्यापलीकडे काय करणार?

म्हणजे खरा प्रश्न क्रीमचा आहे. तुमच्या बाबतीत तीन गोष्टी एकदम जुळून आल्या.

पहिली, ते क्रीम फेटण्यासाठी नव्हतंच. भाजीत, सूपमध्ये, फ्रूट सॅलडमध्ये घालायचं जे फ्रेश क्रीम सगळ्या दुकानांत मिळतं त्यात साधारण २५ टक्के फॅट असतं. क्रीम फेटताना होतं असं की हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि फॅटचे गार, अर्धवट घट्ट कण त्या बुडबुड्यांभोवती एकमेकांना चिकटून जाळं तयार करतात. त्या जाळ्यात हवाही अडकते आणि पाणीही. जाळं विणण्याइतकं फॅटच नसेल तर वीस मिनिटं काय, तासभर फेटा, वर फेस येईल आणि बसेल. निदान ३० टक्के फॅट लागतं, ३५ च्या आसपास असेल तर काम निर्धास्त होतं. खोक्यावर पुढे काय लिहिलंय याला महत्त्व देऊ नका, मागे बारीक अक्षरात फॅटचा आकडा असतो तो वाचा. ‘व्हिपिंग क्रीम’ लिहिलेलं असलं तरी वाचा, कारण त्यात दुधाचं क्रीम असू शकतं किंवा वनस्पती तेलाचंही. त्याबद्दल पुढे सांगते.

दुसरी, कंडेन्स्ड मिल्क. अर्ध्या लिटर क्रीमला अख्खा डबा म्हणजे जवळजवळ ४०० ग्रॅम. त्यात साखर भरपूर असते आणि ते जड असतं. फेटलेल्या क्रीममध्ये ते जितकं जास्त ओताल तितका फेस खाली बसणार. नेटवरच्या बऱ्याच कृतींत हे प्रमाण ‘गोड आवडत असेल तर पूर्ण डबा’ अशा बेफिकिरीने दिलेलं असतं, त्याचा मला राग येतो. चवीचा प्रश्न नंतरचा, आधी ते उभं राहायला हवं. माझं प्रमाण एक लिटर क्रीमला ३०० ते ३५० ग्रॅम, त्यापुढे मी जात नाही. कमी गोड वाटेल अशी भीती बाळगू नका, बिस्किटातही साखर आहे.

तिसरी, फ्रीझर. नीट न फेटलेलं क्रीम गोठवलं की त्यातल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात, ते फॅटचं उरलंसुरलं जाळंही फाडतात. गोठलेलं असेपर्यंत सगळं घट्ट दिसतं. वितळलं की पाणी एकीकडे आणि फॅट दुसरीकडे. सकाळी तुम्ही जे पाहिलंत ते सेट झालेलं नव्हतं, फक्त गोठलेलं होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, बिस्किट कोणतं. मारीच. सेराडुरा पोर्तुगालचं, तिथून ते मकावला गेलं आणि आमच्याकडे गोव्यातही रुळलं, आणि सगळीकडे त्यात मारीच असतं. हे बिस्किट मुळात इंग्लंडचं. १८७४ मध्ये लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने रशियाची राजकन्या मारिया आणि ड्यूक ऑफ एडिंबरो यांच्या लग्नानिमित्त ते काढलं आणि पुढे स्पेन-पोर्तुगालने ते आपलंसं केलं. इतिहास बाजूला ठेवला तरी स्वयंपाकघरातलं कारण सरळ आहे. मारीत तूप-लोणी कमी आणि गोडवाही बेताचा, त्यामुळे ते ओल पटकन आणि सारखी पितं, शिवाय क्रीमच्या चवीवर कुरघोडी करत नाही. डायजेस्टिव्हमध्ये फॅट बरंच जास्त, त्यामुळे ते उशिरा मऊ होतं आणि वर त्याचा कोंड्याचा स्वाद येतो. ग्लुकोजची बिस्किटं जास्त गोड आणि त्यांना स्वतःचा वास आहे. एक पुणेकर ताई श्रूजबेरीचा भुगा घालतात. खायला छानच लागतं, पण इतक्या लोण्यात ओल शिरत नाही, थर शेवटपर्यंत सुटा राहतो. तो वेगळा पदार्थ म्हणून करा.

तरी बिस्किटाबाबत एक गोष्ट पाहाच. मारी सादळलेलं नको. कोकण-गोव्याच्या हवेत उघडा पुडा दोन दिवसांत मऊ पडतो. सादळलेल्या बिस्किटाने आधीच हवेतली ओल पिऊन ठेवलेली असते, मग क्रीमची ओल प्यायला त्याच्यात जागाच उरत नाही. मी नवा पुडा फोडला तरी बिस्किटं ओव्हनमध्ये १५० अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, तुकडे करून, सतत हलवत परता. रंग बदलायला नको, फक्त भाजल्याचा वास आला की पुरे. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा आणि बटण सोडत-दाबत फिरवा, एकसलग फिरवलं तर भुगा गरम होतो. तो बारीक रव्याइतका हवा. पिठासारखा केलात तर ओल लागल्यावर चिकट लेप होतो, जाड ठेवलात तर मध्ये कोरडे खडे राहतात. गरम भुगा क्रीमवर पसरणं ही तर स्वतःहून ओढवून घेतलेली आफत आहे, तो भांड्यात पसरून थंड होऊ द्या.

क्रीमची निवड परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि इथे मी एकच उत्तर देऊ शकत नाही. तुमच्या गावात काय मिळतं, हॉलवर एसी आहे की नाही, वाट्या फ्रीजमधून काढल्यापासून पानात पडेपर्यंत किती वेळ जाणार, यावर सगळं ठरतं.

घरी, आठ-दहा माणसं, फ्रीजमधून काढून थेट हातात द्यायचं असेल तर पूर्णपणे दुधाचं व्हिपिंग क्रीम घ्या. चवीला त्याला तोड नाही. पण ते थंडीवर उभं असतं. १० अंशांच्या वर गेलं की फेस धरून ठेवणारं फॅट मऊ पडायला लागतं आणि मे महिन्यात बिनएसीच्या हॉलमध्ये अर्ध्या तासात कडा ढिल्या होतात.

केकवाले वापरतात ते नॉन-डेअरी क्रीम वनस्पती तेलाचं असतं, गोठवलेलं मिळतं आणि साखर आधीच घातलेली असते. ते उन्हाळ्यात छान टिकतं, फेटल्यावर तिप्पट फुगतं, स्वस्तही पडतं. पण नुसतं तेच वापरलेलं सेराडुरा मला चालत नाही. टाळूला मेणासारखा थर बसतो, आणि या पदार्थात क्रीमशिवाय दुसरं आहेच काय, मग तेच नकली कसं घालायचं? हॉलच्या ऑर्डरसाठी मी दोन्ही मिसळते, साधारण तीन भाग दुधाचं आणि एक भाग नॉन-डेअरी. चव दुधाचीच राहते आणि टिकाऊपणा उसना मिळतो. तुमच्यासाठी मी हेच सुचवेन. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतील, त्यांना मे महिन्यात हॉलवर वाढायला बोलवा.

यातलं काहीच मिळत नसेल आणि जवळ फक्त फ्रेश क्रीम असेल, तर मिळेल त्यातून चांगलं काय होईल ते पाहावं. फ्रेश क्रीम फेटायचा नाद सोडा आणि घट्ट चक्का घ्या. अर्धा किलो चक्का पुरणयंत्रातून काढून त्यात २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि पाव लिटर थंड फ्रेश क्रीम हलक्या हाताने मिसळा. चक्का रात्रभर फ्रीजमध्येच टांगलेला हवा, म्हणजे आंबट होत नाही आणि पाणी पूर्ण निघतं. यात आठ-नऊ वाट्या होतात. हे सेराडुरा नव्हे, श्रीखंडाच्या घरातलं गोड आहे, पण वाटीत नीट उभं राहतं आणि मंडळी आवडीने खातात. घरची साय साठवून फेटायचा विचार मात्र करू नका. तिच्या गाठी झालेल्या असतात, फेस येण्याआधी लोणी निघतं.

जिलेटिनचा प्रश्न अनेकजण विचारतात. खरं तर पुरेसं फॅट असलेलं, थंड, नीट फेटलेलं क्रीम असेल तर जिलेटिन लागतच नाही. त्याच्या जागी चायना ग्रास घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चायना ग्रास उकळून विरघळवावं लागतं आणि ते ३५ ते ४० अंशांच्या आसपासच घट्ट व्हायला लागतं. थंड क्रीममध्ये ओतताक्षणी त्याचे धागे आणि गोळ्या होतात, आणि क्रीम कोमट करून घातलंत तर क्रीम गेलं. फारच धाकधूक वाटत असेल तर दर पाव लिटर क्रीमला एक मोठा चमचा दुधाची पावडर चाळून घाला, ती थोडं मोकळं पाणी शोषते. क्रीमच्या खोक्यावर ४०७ असा आकडा दिसला तर दचकू नका, ते कॅरागीनन, समुद्री शेवाळापासून केलेलं, शाकाहारी आहे.

आता २५ जणांचं माप. दुधाचं व्हिपिंग क्रीम ८५० मिली, नॉन-डेअरी ३०० मिली, कंडेन्स्ड मिल्क ३०० ग्रॅम, मारी ४५० ग्रॅम, व्हॅनिला दोन चहाचे चमचे, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, नाहीतर गोडवा सपाट लागतो. पूर्ण दुधाचंच क्रीम वापरणार असाल तर ते सव्वा लिटर आणि कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम. वाट्या १८० मिलीच्या घ्या, काठोकाठ भरायच्या नाहीत.

क्रीम आदल्या रात्रीपासून फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा, दारात नको. फ्रीझरमध्येही नको, गोठून वितळलेलं दुधाचं क्रीम नीट फेटलं जात नाही. नॉन-डेअरीचं उलट, ते गोठलेलं येतं आणि फ्रीजमध्ये वितळू द्यायचं, थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच फेटायला घ्यायचं. स्टीलचं खोल पातेलं आणि बीटरच्या काड्या वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. मे महिन्यात मी पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवूनच फेटते आणि स्वयंपाक उरकून ओटा थंड झाल्यावर हे काम काढते. शेजारच्या शेगडीवर कुकर असताना क्रीम फेटायचं नाही.

दोन्ही क्रीमं वेगवेगळी फेटा, कारण दोघांचा वेग वेगळा. नॉन-डेअरी टोक ताठ उभं राहीपर्यंत फेटून बाजूला फ्रीजमध्ये ठेवा. दुधाचं क्रीम एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त घेऊ नका, घरच्या हँड बीटरला ते झेपत नाही आणि मधला भाग गरम होतो. सुरुवात मंद वेगाने, बुडबुडे बारीक होऊ लागले की मध्यम. पूर्ण वेगाची गरज कधीच नसते. बीटर उचलल्यावर टोक येतं पण लगेच झुकतं, तिथे थांबा. आता कंडेन्स्ड मिल्क. तेही थंड हवं, पण थंड कंडेन्स्ड मिल्क इतकं चिकट असतं की क्रीममध्ये गोळे राहतात. म्हणून आधी दोन-तीन पळ्या फेटलेलं क्रीम त्यात मिसळून ते सैल करा आणि मग सैल मिश्रण क्रीममध्ये ओता. व्हॅनिला, मीठ घाला, पुन्हा मध्यम वेगाने फेटा. टोक उभं राहिलं, पण कडा अजून गुळगुळीत आणि चमकदार आहेत, तिथे बीटर बंद.

इथून पुढचे काही सेकंद सगळ्यात जोखमीचे. क्रीम पिवळट दिसू लागलं, कडा खरखरीत झाल्या, म्हणजे लोणी सुटायला लागलंय. अगदी सुरुवात असेल तर दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून हाताने हलक्याने ढवळा, बहुतेक वेळा सावरतं. दाणे दिसायला लागले असतील तर ते लोणी समजून वापरा आणि नवं क्रीम घ्या. शेवटी नॉन-डेअरी क्रीम त्यात उलथन्याने खालून वर घेत मिसळा, बीटर लावू नका.

थर लावताना तळाला भुगा घ्या, चार मिलिमीटरचा थर. काहीजण तळाला क्रीम घालतात, दिसायला ते देखणं असतं, पण तळाला भुगा असला की चुकून थोडं पाणी सुटलंच तर तो पिऊन टाकतो. त्यावर क्रीम सुमारे दोन सेंटिमीटर. चमच्याने घातलं की कडेला बरबटतं आणि हवेचे पोकळ खड्डे राहतात, पायपिंग बॅग वापरा. ती नसेल तर दुधाची रिकामी, धुऊन कोरडी केलेली पिशवी कोपरा कापून चालते. मग पुन्हा भुगा, पुन्हा क्रीम. भुगा दाबायचा नाही. दाबला की थर घट्ट होतो आणि वरची ओल आत पोचत नाही. सगळ्यात वरचा भुगा आत्ता घालूच नका. तो वेगळ्या कोरड्या डब्यात हॉलवर न्या आणि वाढायच्या आधी भुरभुरवा. खालचे थर मऊ आणि वरचा कोरडा, हा फरक जिभेला आवडतो, आणि फोटोतही वाटी ताजी दिसते.

झाकण लावण्याआधी वाट्या तासभर उघड्या थंड करा. लगेच झाकलंत तर झाकणाला आतून दव धरतं आणि तेच पाणी क्रीमवर ठिबकतं. त्या तासात फ्रीजमध्ये कापलेला कांदा, सुकी मासळी, काल उरलेलं सुकट यातलं काही नको. क्रीम वास धरतं, आणि आमच्याकडे तर ही सूचना सगळ्यात आधी द्यावी लागते. २५ वाट्या एकदम घरच्या फ्रीजमध्ये कोंबल्या की आतली हवा फिरत नाही, थंड व्हायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो. शेजारणीच्या फ्रीजचा अर्धा कप्पा आधीच बोलून ठेवा.

यातून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. दोन दिवस आधी नको. चार-पाच तासांत भुगा ओल प्यायला लागतो, पण थर एकजीव होतो तो रात्रभरात. माझ्या मते १२ ते २० तास ही त्याची सर्वांत चांगली वेळ. २४ तासांपर्यंत छान, ४८ तासांनी दुधाचं क्रीम थोडं बसतं आणि भुगा गरजेपेक्षा ओला होतो. रविवारी दुपारचं जेवण असेल तर बिस्किटं शुक्रवारी भाजून हवाबंद ठेवा, क्रीम शुक्रवारी रात्रीपासून थंड, आणि थर शनिवारी संध्याकाळी. तुमच्याकडे वीज जाण्याचा काही भरवसा नसेल तर फ्रीज उघडझाप बंद आणि फ्रीझरमधले आईस पॅक खालच्या कप्प्यात.

आंब्याचं सांगते. घालता येतो, पण कच्चा आमरस थेट भुग्यावर कधीच नाही. रसात पाणी भरपूर, म्हणजे पुन्हा तोच लगदा. अर्धा किलो हापूसचा रस मंद आचेवर ३०० ग्रॅमपर्यंत आटवा, साखर घालू नका, पूर्ण गार करा आणि दोन क्रीमच्या थरांमध्ये पातळ पसरा, जेणेकरून त्याच्या वरही क्रीम, खालीही क्रीम. आंबा घालणार असाल तर कंडेन्स्ड मिल्क ५० ग्रॅम कमी करा. आमच्या मानकुराद आंब्याचं मात्र मी असं काही करत नाही, तो कापून शेजारी ठेवते आणि सेराडुरा साधंच देते. ताजं अननस, पपई किंवा किवी यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्यातली पाचक द्रव्यं दुधातली प्रथिनं तोडतात आणि काही तासांत क्रीम कडू लागतं. शिजवलेलं किंवा डब्यातलं अननस चालतं, उष्णतेने ती द्रव्यं निकामी झालेली असतात.

हॉलवर नेताना थर्माकोलचा खोका, तळाला आणि बाजूंना आईस पॅक, मध्ये कापड, त्यावर वाट्या. सुटा बर्फ नको, वितळलेलं पाणी वाट्यांत शिरतं. खोका गाडीच्या डिकीत ठेवू नका, माणसांबरोबर एसीत ठेवा. वाट्या पंगत उठायला आली की काढा, आधी मांडून ठेवायच्या नाहीत, कितीही सुंदर दिसल्या तरी. तुमच्या हॉलवर फ्रीज नाही आणि प्रवास तासाच्या वरचा आहे असं असेल, तर दुसरा मार्ग आहे. वाट्या शनिवारी रात्री फ्रीजमध्ये मुरू द्या, रविवारी सकाळी तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि अर्धवट गोठलेल्या असतानाच वाढा. गोव्यातल्या कितीतरी हॉटेलांत सेराडुरा असंच येतं, आइस्क्रीमच्या अंगाने. तुमच्या तालमीत फ्रीझरने घात केला कारण क्रीम फेटलेलंच नव्हतं. नीट फेटलेल्या, पुरेशा फॅटच्या क्रीमला थोडा वेळ गोठणं सोसतं, शिवाय कंडेन्स्ड मिल्कमधल्या साखरेमुळे ते दगडासारखं होत नाही. अट एवढीच की गोठवलेलं गोठलेलंच खायचं, वितळवून पुन्हा सेट करायला जायचं नाही.

थोडक्यात क्रम असा लावा: फॅटचा आकडा बघून क्रीम, कंडेन्स्ड मिल्क मापात, सगळं थंड, कोरडं भाजलेलं मारी, रात्रभर मुरवणं, वरचा भुगा शेवटी. त्याआधी एखाद्या संध्याकाळी पाव लिटर क्रीमच्या पाच वाट्या करून पाहा. त्यातली एक दुसऱ्या दिवशी फ्रीजबाहेर काढून ओट्यावर ठेवा आणि किती मिनिटांत क्रीमची कड ढळते ते घड्याळ लावून बघा. हॉलवर वाट्या किती आधी काढायच्या याचं उत्तर तुम्हाला त्यातून मिळेल, तुमच्या गावची हवा मला इथून कळणार नाही.

आणि हॉलवर उरलेल्या वाट्या घरी आणून परत फ्रीजमध्ये ठेवण्याचा मोह होईल. उन्हाळ्याच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलेलं क्रीम मी कुणाला देत नाही, घरच्यांनाही नाही. खोक्यातून बाहेर न काढलेल्या, हाताला अजून गारेगार लागणाऱ्या वाट्या तेवढ्या आणा आणि त्याच रात्री संपवा.